एका नावाचे दोन जॉब

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेतल्या कुठल्याही दहा जणांना "आपण काय करता?" असे विचारून पाहावे. निदान पाच-सहा जण तरी कॉम्प्युटरच्या धंद्यातले निघतात. त्यांतली जी मंडळी आता साठी-सत्तरीच्या घरात आहेत, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची उमेदीची वर्षे बँका, विमा कंपन्या आणि मोठमोठ्या दुकानांच्या मेनफ्रेमवर गेली. पूल बांधणारा इंजिनिअर नातवंडांना पूल दाखवू शकतो. आमचे काम मात्र रात्री चालायचे, आणि ते जितके चांगले व्हायचे तितके ते कुणाला दिसायचे नाही. सकाळी पगार खात्यात जमा झालेला असला, की तो कसा जमा झाला हे कोण विचारतो?

त्या रात्रीच्या कामातल्या एका बारीकशा प्रश्नाचा इतिहास मला इथे सांगायचा आहे. ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या दोन कामांचे नाव एकच निघाले, तर कॉम्प्युटरने काय करावे? प्रश्न ऐकायला पोरकट वाटेल. पण गेल्या साठ वर्षांत प्रत्येक नव्या पिढीच्या यंत्रापुढे तो पुन्हा उभा राहिला आणि प्रत्येक पिढीने त्याला आपले वेगळे उत्तर दिले. जिथे जुने उत्तर नीट समजून न घेता बदलले गेले, तिथे लोकांच्या पैशांचा घोळ झाला.

घरातल्या बिगर-कॉम्प्युटर मंडळींसाठी आधी दोन शब्द. इथे 'जॉब' म्हणजे नोकरी नव्हे. कॉम्प्युटरला एकगठ्ठा सांगितलेले काम म्हणजे जॉब. दिवसभरात जमा झालेले सगळे धनादेश रात्री अकराला खात्यांवर चढव, मग व्याज काढ, मग पत्रे छाप, अशी आज्ञांची एक माळ असते. असे शेकडो, कधी हजारो जॉब एका रात्रीत चालतात. त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला ते ओळखू यावेत म्हणून प्रत्येकाला नाव असते.

आणि नाव आले की नावे पुन्हा पुन्हा येण्याचा प्रश्न आलाच. पेशवाईत बाजीराव दोन झाले आणि माधवरावही दोन. इतिहासकारांनी त्यांना पहिला-दुसरा, थोरले-सवाई असे म्हणून वेगळे केले. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या आपल्या चालीमुळे कुलवृत्तान्त लिहिणाऱ्यांपुढे एकाच घराण्यात तीन-चार विष्णू आणि तितकेच रामचंद्र उभे राहतात. म्हणून नुसते नाव पुरत नाही, त्याला बापाचे नाव, पिढी आणि क्रमांक जोडावा लागतो. नावाने माणूस कळतो, पण नेमका सापडतो तो क्रमांकाने. कॉम्प्युटरच्या जगात हे उमगायला बराच काळ गेला.

आठ अक्षरांचे नाव

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० ही यंत्रांची मालिका जाहीर केली. तिच्यासाठी लिहिलेल्या ओएस/३६० या प्रणालीला काम सांगण्याची भाषा म्हणजे जेसीएल. फ्रेड ब्रुक्स हे ओएस/३६० च्या कामाचे प्रमुख होते. पुढे त्यांनीच जेसीएल ही आजवर निर्माण झालेली सर्वांत वाईट प्रोग्रॅमिंगची भाषा असल्याचे सांगितले, आणि ती आपल्याच देखरेखीखाली तयार झाली हेही लपवले नाही. ब्रुक्स २०२२ साली वारले. जेसीएल मात्र अजून चालू आहे, आणि जगातल्या अनेक मोठ्या बँकांची रात्र आजही तिच्याच आधाराने सरते.

जेसीएल जन्मली ती ८० रकान्यांच्या पंच कार्डावर. पहिल्या दोन रकान्यांत दोन तिरप्या रेघा आणि लगेच तिसऱ्या रकान्यापासून जॉबचे नाव. हे नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचे. पहिले अक्षर इंग्रजी मुळाक्षर किंवा तीन ठरावीक चिन्हांपैकी एखादे, पुढे आकडेही चालत. कार्डे गेली, त्यांच्या जागी पडदे आले, पण आठ अक्षरांची मर्यादा आजतागायत तशीच आहे.

या भाषेशी आपल्यातल्या काहींची ओळख अमेरिकेत येण्याआधीच झाली होती. मुंबईत पवईच्या आयआयटीत १९७० च्या दशकात सोव्हिएत युनियनकडून आलेले ईसी-१०३० नावाचे यंत्र होते. सिस्टिम/३६० शी जुळेल असे सोव्हिएत गटातल्या देशांनी बनवलेल्या मालिकेतले ते यंत्र. शीतयुद्धाच्या काळात रशियन पाट्या लावलेल्या यंत्रासमोर बसून मराठी मुले आयबीएमच्या चालीची जॉब कार्डे लावायला शिकली, आणि पुढे तीच विद्या घेऊन न्यू जर्सी, शिकागो आणि टोरोंटोला आली. इतिहासाचे विनोद असेच असतात.

आठ अक्षरांत काय काय बसवायचे, याचे प्रत्येक कंपनीचे आपले शास्त्र असे. पहिले अक्षर पी असेल तर खरे काम, टी असेल तर चाचणी. पुढची दोन-तीन अक्षरे खात्याची. मग डी, डब्ल्यू किंवा एम, म्हणजे काम रोजचे, आठवड्याचे की महिन्याचे. उरलेले आकडे क्रमाचे. मुरलेला ऑपरेटर नाव वाचूनच सांगायचा की हा पगाराचा महिन्याचा जॉब आहे आणि याला हात लावण्यापूर्वी साहेबांना झोपेतून उठवावे लागेल.

ह्यूस्टनहून आलेला क्रमांक

ओएस/३६० ची सुरुवात रखडत झाली. कार्डे वाचणे आणि कागद छापणे ही संथ कामे सांभाळण्यात ती कमी पडे. १९६० च्या दशकाच्या मध्यावर ह्यूस्टनला, नासाच्या अवकाशयान केंद्रात काम करणाऱ्या आयबीएमच्या लोकांनी यावर तोड काढली. टॉम सिम्प्सन आणि बॉब क्रॅबट्री हे त्यातले प्रमुख. त्यांच्या प्रोग्रॅमचे नाव हास्प. त्यातला 'एच' हा ह्यूस्टनचाच. कार्डे आली की हास्प ती डिस्कवर उतरवून घेई, जॉबला रांगेत उभे करी, पाळी आली की यंत्राकडे सोपवी आणि निकाल सावकाश छापून घेई. रांगेत घेताना तो प्रत्येक जॉबला एक क्रमांकही देई.

पुढे १९७० च्या दशकात हास्पचे रूपांतर जेस-टू मध्ये झाले. आजही जेस-टू चा कुठलाही निरोप पडद्यावर येतो तो डॉलरचे चिन्ह आणि 'हास्प' ही अक्षरे घेऊनच. पन्नास वर्षांपूर्वीच्या बापाचे नाव मुलाने अजून टाकलेले नाही.

म्हणजे जॉबची दोन नावे झाली. एक माणसाने ठेवलेले आठ अक्षरी, दुसरा यंत्राने दिलेला क्रमांक. क्रमांक आला तेव्हा प्रश्न मिटायला हवा होता. पण जेस-टू ने एक नियम केला. एका नावाचा जॉब चालू असेल, तर त्याच नावाचा दुसरा जॉब सुरू करायचा नाही. त्याला रांगेतच थांबवायचे, आणि पहिला संपला की सोडायचे.

या नियमाने दोन अडचणी टळत. पहिली ऑपरेटरची. एखादा जॉब बंद पाडायचा तर ऑपरेटर त्याचे नाव घेऊन हुकूम देई. एका नावाचे दोघे चालू असतील तर मारायचा कोणाला? अशा वेळी यंत्र हुकूम नाकारते आणि जॉब ज्या जागेत चालू आहे त्या जागेचा क्रमांक मागते. रात्री तीन वाजता घाम फुटलेल्या ऑपरेटरला तो शोधत बसणे परवडत नाही.

दुसरी अडचण अधिक खोल होती. जॉबला काम करताना तात्पुरत्या फाईली लागतात, आणि यंत्र त्यांची नावे स्वतः तयार करते. त्या नावात तारीख असते, सेकंदापर्यंतची वेळ असते आणि जॉबचे नाव असते. आता एकाच नावाचे दोन जॉब एकाच सेकंदाला सुरू झाले आणि दोघांच्याही प्रोग्रॅमरने तात्पुरत्या फाईलला एकच टोपणनाव दिलेले असले, तर दोघांच्या फाईलीचे संपूर्ण नाव अक्षरशः सारखे होते आणि एकाचे काम तिथेच अडते. क्रमांक होता, पण यंत्राच्या पोटात अनेक ठिकाणी अजून नावावरच भरवसा होता.

क्रमांकाचीही एक गंमत आहे. तो पूर्वी चार आकडी असे, आता सहा आकडी झाला आहे. पण तो संपला की पुन्हा एकपासून सुरू होतो. म्हणजे क्रमांक आजच्या गर्दीत एकमेव असला तरी कायमचा एकमेव नाही. म्हणून यंत्राच्या वापराचा हिशेब ठेवणाऱ्या नोंदवहीने, म्हणजे एसएमएफने, वेगळी युक्ती केली. तिथे जॉबची ओळख म्हणजे त्याचे नाव आणि तो यंत्रात आला ती तारीख व वेळ. आपल्याकडे पत्रिका मांडताना नाव आणि जन्मवेळ विचारतात, तसेच. ठरलेल्या वेळी जॉब सोडणाऱ्या प्रोग्रॅमांनीही हाच मार्ग धरला. आयबीएमच्या ओपीसी या प्रोग्रॅममध्ये एखाद्या कामाची एक फेरी ओळखायची, तर कामाचे नाव आणि ती फेरी यायची होती ती तारीख व वेळ अशी जोडी लागते. सोमवारचा पगार आणि मंगळवारचा पगार यांचे नाव एकच, पण फेऱ्या दोन.

सात अक्षरांचे प्रोग्रॅमर

हे सगळे रात्रीच्या ठरीव कामांचे झाले. दिवसा शेकडो प्रोग्रॅमर टीएसओ नावाच्या सोयीतून पडद्यावर बसून आपापले जॉब सोडत. त्या सगळ्यांनी आपल्या जॉबला 'टेस्ट' असे नाव ठेवले असते तर जेस-टू च्या नियमाप्रमाणे सगळे एकामागे एक उभे राहिले असते, आणि शेवटच्याचा निकाल दिवाळीला आला असता.

म्हणून अशी योजना झाली की जॉबचे नाव म्हणजे प्रोग्रॅमरचे लॉगिनचे नाव आणि शेवटी आणखी एक अक्षर. जॉबच्या नावाला आठच अक्षरे, तेव्हा माणसाच्या नावाला उरली सात. टीएसओवरच्या कुठल्याही माणसाचे नाव सात अक्षरांपेक्षा मोठे नसे, त्याचे कारण हे. जॉबला नुसते स्वतःचे नाव देऊन पाठवले, तर यंत्र "शेवटचे अक्षर सांगा" असे विचारी. आठ अक्षरांची लॉगिनची नावे चालू लागली ती २०१७ मध्ये.

सातांत मराठी आडनावे बसवताना काय गंमत होई, हे आपल्याला सांगायला नको. कुलकर्णी आणि देशपांडे यांची शेपटे कापली जात. एकाच मजल्यावर तीन जोशी असले, तर पहिल्याला सबंध आडनाव, दुसऱ्याला आद्याक्षर जोडून आणि तिसऱ्याला एक आकडा. मी ज्या ज्या ठिकाणी काम केले, तिथे तिसऱ्या जोशींची टपाल आणि जॉबचे निकाल कधी ना कधी पहिल्या जोशींच्या टेबलावर पोहोचलेले पाहिले आहेत.

नावाचे कुलूप

आता या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग. जेस-टू एकाच नावाचे दोन जॉब बरोबर चालू देत नाही, हे प्रोग्रॅमरांच्या लवकरच ध्यानात आले. मग त्यांनी त्या अडवणुकीचा उपयोग करून घेतला. दोन जॉब कधीच एका वेळी चालू नयेत असे वाटले, की त्या दोघांना मुद्दाम एकच नाव ठेवायचे. खर्च शून्य, मेहनत शून्य. नाव हे आता कुलूप झाले.

खरे कुलूप फाईलीवर असायला हवे, आणि जेसीएलमध्ये ते आहेही. फाईल मागताना "ही फक्त माझ्या ताब्यात हवी" असे लिहिले, की दुसरा जॉब ती सुटेपर्यंत थांबतो. पण मग दुसऱ्या कुणालाही ती नुसती वाचायलासुद्धा मिळत नाही. जिथे दिवसरात्र पडद्यावरून चौकशा चालू असतात, तिथे हे जमत नाही. म्हणून फाईल "सर्वांसाठी खुली" अशी मागायची आणि आपसातली टक्कर टाळायचे काम नावावर सोपवायचे, अशी वहिवाट अनेक ठिकाणी पडली. वहिवाट कागदावर लिहिलेली नसते, हीच तिची अडचण.

पुढे जेस-टू मध्ये हा नियम सैल करण्याची सोय आली. एका ओळीत "थांबव" ऐवजी "थांबवू नको" असे लिहिले, की एका नावाचे कितीही जॉब बरोबर चालतात. यंत्रे वेगवान झाली होती, रात्र लहान पडू लागली होती आणि रिकामे बसलेले यंत्र कुणाला बघवत नव्हते. अनेक ठिकाणी हा बदल सुखरूप पार पडला. सगळीकडे नाही.

२००३ साली एका विमा कंपनीत मी सल्लागार म्हणून गेलो तेव्हा असाच बदल नुकताच होऊन गेला होता. दोन कंपन्यांचे एकत्रीकरण झाले होते. एकीकडे नियम कडक, दुसरीकडे सैल. एकत्र यंत्रासाठी सैल नियम निवडला गेला. कडक नियमाच्या बाजूला हप्त्यांच्या नोंदी करणारा एक जॉब होता. वेगवेगळ्या विभागांतून हप्त्यांच्या फाईली येत, आणि प्रत्येक फाईलीसाठी हाच जॉब त्याच नावाने सोडला जाई. सुरू झाल्यावर तो एका छोट्या नोंदीतून शेवटचा पावती क्रमांक वाचे, त्यापुढचे क्रमांक नव्या पावत्यांना देई आणि संपताना नवा शेवटचा क्रमांक त्या नोंदीत लिहून ठेवी. जोवर दोन फेऱ्या एकामागून एक होत होत्या, तोवर हे बिनबोभाट चालले.

नियम सैल झाल्यावर दोन फेऱ्या बरोबर निघाल्या. दोघींनी एकच शेवटचा क्रमांक वाचला आणि दोन विभागांतल्या वेगवेगळ्या ग्राहकांना तेच ते पावती क्रमांक दिले. पुढच्या प्रोग्रॅममध्ये पावती क्रमांक हीच ओळख होती, त्यामुळे दुसऱ्या नोंदीने पहिली पुसली. ज्यांच्या नोंदी पुसल्या गेल्या त्यांच्या दृष्टीने हप्ता भरलेला होता, आणि कंपनीच्या दृष्टीने नव्हता. पॉलिसी बंद पडत असल्याची पत्रे लोकांच्या घरी गेली. त्यांत आयुर्विमा होता. पैसे वेळेवर भरलेल्या माणसाला असे पत्र येते तेव्हा त्याच्या घरी काय होत असेल, याची कल्पना आपल्यापैकी प्रत्येकाला करता येईल.

कारण सापडायला आठवडा लागला, कारण प्रोग्रॅममध्ये एक अक्षरही बदललेले नव्हते. ज्याने वीस वर्षांपूर्वी नाव एकच ठेवले होते तो निवृत्त होऊन गेला होता. त्याने केले ते चूक नव्हते. मात्र 'हे नाव मुद्दाम एकच ठेवले आहे' एवढे एक वाक्य कुठेही लिहिलेले नव्हते. एका नावाच्या दोन जॉबना थांबवणारा नियम हा एका क्रमांकाच्या दोन पावत्यांना थांबवणारा नियमही आहे, हे कुणाला कळणार?

रॉचेस्टरचे तिपेडी नाव

आयबीएमच्याच दुसऱ्या घराण्याने हा प्रश्न अगदी निराळ्या रीतीने सोडवला. २१ जून १९८८ रोजी एएस/४०० हे यंत्र जाहीर झाले. ते मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टरचे. मध्यम आकाराच्या कारखान्यांत, घाऊक व्यापाऱ्यांकडे आणि इस्पितळांत ते घरोघरी पोहोचले, आणि आपल्यातल्या कित्येकांचा या देशातला पहिला पगार त्याच्याच जोरावर झाला. आज त्याचा वंश 'आयबीएम आय' या नावाने चालू आहे.

रॉचेस्टरच्या मंडळींनी जॉबचे नाव तिपेडी केले. सहा आकडी क्रमांक, मग ज्याचे काम त्याचे नाव, आणि मग जॉबचे नाव. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव लिहितो, त्यासारखेच. एकाच नावाचे शंभर जॉब असले तरी यंत्राचा गोंधळ होत नाही, कारण त्याचा भरवसा क्रमांकावर आहे. नावे सारखी निघण्याचा तिथे सुकाळच होता. जॉब सोडताना नाव दिले नाही, तर यंत्र जॉबच्या ठरीव वर्णनाचे नाव त्याला लावते, आणि ते वर्णन बहुतेकांचे एकच असते. त्यामुळे सकाळी यादी काढली की वरपासून खालपर्यंत एकच नाव.

माणसाने नुसते नाव घेऊन हुकूम दिला तर? तेव्हा यंत्र त्या नावाच्या सगळ्या जॉबची यादी समोर ठेवते आणि यातला कोणता, असे विचारते. हुकूम देतानाच सांगता येते की यादी दाखव, किंवा नुसता निरोप देऊन थांब. अंदाजाने एकाचा बळी घेऊ नये, हा शहाणपणा तिथे पहिल्यापासून आहे.

आणि दोन जॉब बरोबर चालू नयेत याची सोय? ती नावावर नाही, रांगेवर. कारखान्यातून यंत्र येते तेव्हा रात्रीच्या कामांच्या रांगेतून एका वेळी एकच जॉब सोडण्याचा नियम लावलेला असतो. ज्याला घाई असेल त्याने तो आकडा वाढवावा. ओळख क्रमांकाकडे, शिस्त रांगेकडे, आणि नाव फक्त माणसाच्या सोयीसाठी, अशी ही वाटणी आहे. मला ती फार सुरेख वाटत आली आहे.

तरीही एक फट राहतेच. याच यंत्रात ठरलेल्या वेळच्या कामांची वेगळी यादी असते. तिथे एकाच नावाच्या दोन नोंदी करता येतात, आणि प्रत्येक नोंदीला यंत्र आपला क्रमांक देते. नोंद बदलायची किंवा काढायची झाली आणि क्रमांक दिला नाही, तर यंत्र त्या नावाची एकच नोंद आहे असे धरून चालते, आणि दोन निघाल्या तर काम नाकारते. हे योग्यच आहे. पण नोंद घालताना ते हटकत नाही. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या बिलांची नोंद आधीच आहे हे न पाहता कुणी तीच पुन्हा घातली, तर शुक्रवारी सहाला बिले दोनदा निघतात. यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या नोंदी आहेत. रांगेची शिस्त इथे एवढेच करते की दोन्ही बिले एकामागून एक, व्यवस्थित निघतात!

ज्याला नावच नाही

एएस/४०० च्या आधीच, १९७९ साली, तिसरी वाट निघाली होती ती आपल्या न्यू जर्सीतल्याच मरे हिलच्या बेल लॅब्जमधून. त्या वर्षीच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'क्रॉन' हा प्रोग्रॅम होता. तो दर मिनिटाला जागा होतो, एक तक्ता पाहतो आणि त्या मिनिटाला जे काम लिहिले असेल ते सुरू करून देतो. तक्त्यातल्या ओळीत मिनिट, तास, दिवस, महिना, वार आणि हुकूम. नावाला रकानाच नाही!

नावच नाही, तेव्हा नावे सारखी निघण्याचा प्रश्न नाही. पण मूळ दुखणे गेले नाही. दर दहा मिनिटांनी चालणारे काम एखाद्या दिवशी पंधरा मिनिटे रेंगाळले, तर क्रॉन दुसरे खुशाल सुरू करतो. मग प्रोग्रॅमरांनी आपली कुलपे आपणच बनवली. काम सुरू होताना एक छोटी फाईल तयार करायची आणि संपल्यावर पुसायची. ती आधीच दिसली, तर मुकाट्याने परत फिरायचे. यंत्र मध्येच बंद पडले की फाईल तशीच राहते आणि काम पुढे कधीच सुरू होत नाही, दाराला कुलूप आणि आत कुणी नाही. लिनक्सवर आता 'फ्लॉक' हा हुकूम आहे. त्याने लावलेले कुलूप काम मेले की यंत्र आपोआप काढते.

विंडोजवर ठरलेल्या वेळच्या कामांना नावे असतात, आणि त्याच नावाचे दुसरे काम हुकूम देऊन घालायला गेले की यंत्र "जुने काढून हे ठेवू का?" असे विचारते. हा प्रश्न विचारूच नको असेही सांगता येते, आणि घाईतले लोक ते सांगतात. मग जुने काम गुपचूप नाहीसे होते. 'क्वार्ट्झ' नावाच्या जावामधल्या साधनात नावाबरोबर गट असतो, आणि तीच जोडी पुन्हा दिली तर ते साफ नकार देते.

सर्वांत नवी पिढी कुबरनेटिसची. हा प्रोग्रॅम गूगलने २०१४ मध्ये जगापुढे ठेवला. आपली मुले आज त्यावर काम करतात, आणि आमच्या मेनफ्रेमला हसतात. त्यातले ठरलेल्या वेळचे काम प्रत्येक फेरीला नवा जॉब तयार करते. त्याचे नाव म्हणजे मूळ कामाचे नाव आणि त्यापुढे एक आकडा. आकडा कसला? ती फेरी व्हायची होती ती वेळ, १९७० पासूनच्या मिनिटांत मोजलेली. नाव आणि जन्मवेळ! या शेपटीला अकरा जागा लागतात आणि जॉबच्या नावाची मर्यादा ६३, म्हणून मूळ नाव ५२ अक्षरांपेक्षा मोठे ठेवता येत नाही. आठातून एक वजा करून सात अक्षरांत बसणाऱ्या आम्हा लोकांना हा हिशेब चांगला ओळखीचा आहे.

मागची फेरी चालू असताना दुसरीची वेळ झाली तर काय, हे तिथे वेगळे लिहावे लागते. चालू दे, थांबव, किंवा जुनी मारून नवी सुरू कर. काहीच लिहिले नाही तर "चालू दे" असे धरले जाते. म्हणजे ज्या निर्णयाने २००३ साली त्या विमा कंपनीत पत्रे गेली, तो आज न लिहिता लागू होतो.

तीन प्रश्न

हा सगळा प्रवास पाहिला की एक गोष्ट दिसते. जॉबच्या नावाच्या आड तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. हा नेमका कोणता? हा पूर्वीचाच आहे की नवा? आणि दोघे एका वेळी चालले तर चालेल का? जेस-टू ने तिन्हींचे ओझे बऱ्याच अंशी एका आठ अक्षरी नावावर टाकले. रॉचेस्टरने ते वाटून दिले. क्रॉनने ते प्रोग्रॅमरच्या गळ्यात टाकले. आज जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर काम हलवताना नावे जशीच्या तशी पोहोचतात, पण नावामागची वहिवाट मागेच राहते. आणि अशी हलवाहलव सध्या सगळीकडे चालू आहे.

ज्यांना ती वहिवाट ठाऊक आहे, त्यांतले पुष्कळ जण आपल्या मंडळात आहेत आणि दरवर्षी चार-दोन जण निवृत्त होत आहेत. त्यांना माझी एक साधी विनंती आहे. कचेरीतला शेवटचा केक कापण्यापूर्वी आपल्या जॉबची यादी छापून घ्यावी. जिथे दोन जॉबना एकच नाव आहे, तिथे ते मुद्दाम आहे की योगायोगाने, हे शेजारी एका ओळीत लिहावे, आणि तो कागद मागे राहणाऱ्याच्या हातात द्यावा. अर्ध्या दिवसाचे काम आहे. ज्यांचे हप्ते, पगार आणि पेन्शन त्या जॉबवर अवलंबून आहेत, त्यांना आपले नाव कधी कळणार नाही. पण आमच्या धंद्यात काम चांगले झाल्याची खूण तीच असते.